बारा सेकंदांची घाई

मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. मला काटे नाहीत, किल्ली नाही, आणि टिकटिक तर नाहीच नाही. त्यामुळे पुष्कळ मुलं मला खेळणं समजतात. समजू देत बापडी. पण मित्रांनो, एके काळी मला नुसतं उलटं केलं की तिसरीचा अख्खा वर्ग श्वास रोखून बसायचा. त्या दिवसांबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे आणि एक चूकही कबूल करायची आहे. चूक सांगायला जरा जड जातं, म्हणून आधी जन्मापासून सुरुवात करतो.

काच फुंकणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. भट्टीतली लालबुंद काच नळीच्या टोकावर घ्यायची आणि बेताने फुंकर घालायची, हे त्यांचं काम. जन्मभर फुंकून फुंकून त्यांचे गाल इतके सैल झाले होते की सगळे त्यांना 'गालफुगे' म्हणत. वाळूचं खातं त्यांच्या बायकोकडे होतं. ती वाळू सात पाण्यांनी धुवायची, तव्यावर कोरडी करायची आणि तीनदा चाळायची. मग दोघं समोरासमोर बसून मला उलटं करायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे.

"किती झाले गं?"

"अठ्ठावन्न."

"मग घाल अजून चिमूटभर. आमटीत मीठ घालतेस तशी नको, जरा हात आखडून घाल."

"माझ्या मिठाला नावं ठेवाल तर उद्यापासून अळणी जेवा. हे बघा, झाले साठ!"

साठाला साठ. एक कण इकडे नाही की तिकडे नाही. माझं तोंड बंद झालं ते त्या दोघांच्या हसण्यातच. पुढे एका सुताराने मला वर-खाली दोन तिकोनी फळ्या आणि मधे तीन खांब बसवले. फळ्या तिकोनी असल्यामुळे मी आडवा पडलो तरी गडगडत जात नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मला विकत घेतलं ते एका शाळेतल्या तिसरीच्या बाईंनी. बाई तेव्हा नोकरीत नवीन होत्या. साडीच्या पदराला कायम खडूची भुकटी लागलेली असायची. वर्गातली निम्मी मुलं अडखळत वाचतात, याचा त्यांना घोर लागला होता. त्या म्हणायच्या, "अरे, एकेका अक्षराशी झटापट करत वाक्याच्या शेवटाला पोचता, तोवर वाक्याची सुरुवात विसरता. मग गोष्ट कळणार कधी?" त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. मित्रांनो, आमच्या बाई वाईट नव्हत्या. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल.

बाईंनी दर सोमवारी 'मिनिटाचं वाचन' सुरू केलं. एकेका मुलाने टेबलापाशी यायचं, बाई मला उलटं करणार, आणि वाळू संपेपर्यंत किती शब्द वाचून होतात ते मोजणार. फळ्याच्या वर एक दोरी बांधली होती. दोरीच्या एका टोकाला कासवाचं चित्र, मधे ससा, दुसऱ्या टोकाला हरीण. प्रत्येक मुलाच्या नावाचा कपडे वाळत घालायचा चिमटा दोरीला लावलेला. शब्द वाढले की चिमटा हरणाकडे सरकायचा.

सुरुवातीची वर्षं खरोखर छान गेली. मुलं घरी सराव करू लागली. शाळा तपासायला आलेले साहेब मला हातात घेऊन म्हणाले, "वा! एवढीशी गोष्ट, पण काय कमाल!" मी काचेचा नसतो तर फुगून फुटलोच असतो.

पण हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. मुलं गोष्ट वाचेनाशी झाली. ती शब्द गिळायला लागली. एका वर्षी वर्गात एक मुलगा होता. त्याचं नावच सगळ्यांनी 'सुसाट' ठेवलं होतं. तो एका दमात नव्वद शब्द वाचायचा. त्याचा चिमटा हरणाच्या नाकावर जाऊन बसला होता. एकदा बाईंनी त्याला सहज विचारलं, "छान. मग शेळी कुठे लपली?"

सुसाटने धापा टाकत विचारलं, "शेळी? यात शेळी आहे?"

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता ती कबुली. रोज न् रोज वाळू माझ्या मानेतून जात होती. सोमवारी वाचन, बाकीच्या दिवशी सराव, अशी कितीतरी वर्षं. वाळू वाहताना काच घासते, मित्रांनो. फार थोडी, पण घासतेच. मान झिजून जराशी रुंद झाली. कणही एकमेकांवर घासून बारीक झाले. वाळू आधीपेक्षा लवकर पडू लागली. माझं मिनिट आखूड झालं होतं. मला ते जाणवत होतं, पण बोलता कुठे येत होतं? बाईंनी मला दुसऱ्या घड्याळाशी कधी ताडून पाहिलं नाही. जुन्या माणसावर ठेवतात तसा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी तो रोज मोडत होतो.

सुसाटच्याच वर्गात गुंडी होती. शर्टाच्या गुंडीसारखी छोटीशी, गोल आणि जागची न हलणारी, म्हणून घरातलं ते नाव शाळेतही चिकटलं. गुंडीला गोष्टी फार आवडायच्या. मधल्या सुट्टीत ती एकटी पुस्तक वाचायची तेव्हा तिचे ओठ हलत, मधेच हसू फुटे. पण सोमवारी टेबलापाशी आली की तिचा एक डोळा पुस्तकावर आणि एक डोळा माझ्यावर. शब्द वाचायचा, वाळूकडे बघायचं. पुढचा शब्द, परत वाळू. मग ओळ हरवायची. बोट शोधत राहायचं आणि मी रिकामा व्हायचो.

"चव्वेचाळीस," बाई म्हणायच्या. दर वेळी चव्वेचाळीस.

बाईंनी त्या वर्षी नियम केला होता. चार-पाच संधी देऊनही पंचावन्न शब्द झाले नाहीत तर वाचनाच्या तासाला दुसरीच्या वर्गात जाऊन बसायचं. तिथे बाक बुटके, गुडघे फळीला आपटायचे. तीन मुलं आधीच जात होती. तास सुरू झाला की ती दप्तर उचलून, खाली बघत, सगळ्या व्हरांड्यातून जायची. गुंडी त्यांच्या पाठीकडे टक लावून बघायची.

एका गुरुवारी बाई तिला म्हणाल्या, "अगं, घड्याळजीची लेक ना तू? आणि तुलाच वेळ पुरत नाही? कमाल आहे!" त्या गमतीने म्हणाल्या. मुलंही गमतीनेच हसली. गुंडीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. ते पाहून बाईंनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी मला रुमालात गुंडाळून तिच्या दप्तरात ठेवलं. "घरी घेऊन जा. रोज सराव कर. सोमवारी शेवटची संधी. नाहीतर मला तुला दुसरीत बसवावं लागेल, बेटा."

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलो.

घर दोन खोल्यांचं. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. आई बसस्थानकावर ध्वनिक्षेपकावरून गाड्यांची माहिती द्यायची. सध्या मात्र ती सुट्टीवर होती, कारण घरात आठ महिन्यांचा गबदुल्या होता. गबदुल्या म्हणजे गुंडीचा भाऊ. दिसेल ती वस्तू तोंडात घालायची, हा त्याचा व्यवसाय.

पहिल्या संध्याकाळी आईने मला उलटं केलं. गुंडीने वाचलं. एक्केचाळीस.

"तीन कमीच झाले," गुंडी म्हणाली. "आई, मी ढ आहे का गं?"

आईच्या कडेवर गबदुल्या, खांद्यावर लंगोट, गॅसवर दूध. तिने गॅस बंद केला, खाली बसली आणि गुंडीला दुसऱ्या मांडीवर ओढून घेतलं. "ढ असतीस तर मला असले कठीण प्रश्न विचारले असतेस का?" एवढंच म्हणाली. पण तिची नजर माझ्यावर होती, आणि ती काही प्रेमाची नव्हती.

शुक्रवारी दुपारी गबदुल्या एकदाचा झोपला, तेव्हा आई म्हणाली, "चल, हा उठायच्या आत वाचून घेऊ." मला सतरंजीवर ठेवलं. गुंडीने शेळीची गोष्ट उघडली. एका शेळीला वाटतं आपली दाढी फार वाढली, म्हणून ती न्हाव्याकडे जाते, अशी ती गोष्ट. गुंडी अडखळत दुसऱ्या ओळीवर आली असेल नसेल, तोच मागून "ब्बा!" असा आवाज झाला. गबदुल्या केव्हाच उठला होता. रांगत आला, माझा खांब धरून ओढला, आणि मी धपकन आडवा झालो.

वाळू थांबली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेही जात नव्हतो.

गुंडीने माझ्याकडे पाहिलं. आईने मला उचलायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. गबदुल्याला पटकन मांडीत घेऊन ती म्हणाली, "पडू दे त्याला. शेळीचं काय झालं ते सांग."

गुंडीने एकदा माझ्या थांबलेल्या वाळूकडे पाहिलं. मग पुस्तकात मान घातली आणि पुन्हा वर काढलीच नाही. ती अडखळली, पण मागे येऊन पुन्हा वाचू लागली. शेळी खुर्चीवर चढली, आरशात पाहिलं, तिथे तिला दुसरी शेळी दिसली, घाबरून ती थेट खुर्चीखाली लपली! शेवटच्या ओळीला गुंडी स्वतःच खुदकन हसली आणि तिचं बघून गबदुल्याही हसला.

"आई, मी सगळी वाचली!"

"वाचलीस की. आता मजा बघ." आईने घसा साफ केला. बसस्थानकावरचा आवाज लावला. "मी नवीन होते ना, तेव्हा घाबरून सगळ्या गाड्या एका श्वासात वाचून टाकल्या. अकरा माणसं भलत्याच गाडीत बसली. एक आजी तर लेकीच्या गावाऐवजी सुनेच्या गावी पोचल्या. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाल्या, 'बाळ, श्वास घेत जा गं. तुझ्या श्वासापायी माझी दोन दिवस सुनेशी गाठ पडली.'"

गुंडी पोट धरून हसली.

"तेव्हापासून मी काय करते, सांगू? आधी ओळ डोळ्यांनी बघून घेते. जिथे पूर्णविराम, तिथे थांबते. ऐकणाऱ्या माणसाला गाडीत चढायला वेळ देते. तूही शेळीला खुर्चीवर चढायला वेळ दे."

मग आईने एक वाक्य वाचलं, ते गुंडीने तसंच वाचलं. पुढचं वाक्य दोघींनी मिळून. त्याच्या पुढचं गुंडीने एकटीने. शनिवारी तीच गोष्ट पुन्हा. गुंडी कंटाळेल असं मला वाटलं होतं, पण उलटच झालं. ओळखीच्या रस्त्यावर पाय कसे आपोआप पडतात, तसे तिचे शब्द पडू लागले. आता तिला न्हाव्याचा जाडा आवाज काढायला सवड होती. श्रोता एकच होता आणि तो बहुतेक वेळ पुस्तकाचा कोपरा चोखत होता. तरी 'आरशात दुसरी शेळी' आली की तो चोखणं थांबवून वर बघायचा. या दोन दिवसांत मी सतरंजीवर नुसता पडून होतो. इतकं चांगलं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

रविवारी बाबा घरी होते. घड्याळजी माणूस. कुठलंही घड्याळ दिसलं की ताडून पाहिल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही. त्यांनी मला उभं केलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वाळू संपली. पुन्हा उलटं केलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा भिंग लावून माझी मान तपासली. माझी तर वाळूच गोठली. चोर पकडला गेला होता.

"अगं ए, इकडे ये," त्यांनी आईला हाक मारली. "हे अठ्ठेचाळीस सेकंदांत संपतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बारा सेकंद चोरतंय. अठ्ठेचाळीस सेकंदांत आपली गुंडी चव्वेचाळीस वाचते. पुरे साठ मिळाले असते तर?"

आईने बोटांवर हिशेब केला आणि तिचे डोळे मोठे झाले. "पंचावन्न! अहो, ती काठावर पोचलीच होती की! आणि माझी पोर मला विचारत होती, मी ढ आहे का. थांबा, मी आत्ता बाईंच्या घरी जाते."

"भांडायला?"

"नाही, आरती ओवाळायला! भांडायलाच."

"भांडू नकोस. त्या बाईंना तरी कुठे ठाऊक असणार? मी चिठ्ठी देतो. घड्याळ दुखणाईत आहे, असं सांगायचा मान तरी घड्याळजीला असू दे."

त्यांनी गुंडीला जवळ बोलावून माझी मान भिंगातून दाखवली. "हे बघ. घाई याला झाली होती. तू हळू नव्हतीस."

गुंडीने बराच वेळ भिंगातून पाहिलं. मला वाटलं, आता ही मला फेकणार. तिने आपल्या फ्रॉकच्या टोकाने माझी काच पुसली. "त्याला दुखत असेल का हो, बाबा?" मित्रांनो, मला डोळे असते तर त्या दिवशी मी रडलो असतो.

सोमवार उजाडला. गुंडीने मला आणि चिठ्ठीला बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. पर्समधून मनगटी घड्याळ काढून मला उलटं केलं. माझा शेवटचा कण पडला आणि बाई खुर्चीत बसल्या. फळ्यावरच्या दोरीकडे, तिच्यावरच्या सगळ्या चिमट्यांकडे त्या पाहत राहिल्या. इतक्या वर्षांची मुलं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असतील. मला तर ती सगळी आठवली.

मग त्या उठल्या आणि वर्गाबाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन दप्तरं होती आणि मागे ती तीन मुलं. तिसऱ्याचं दप्तर त्याच्याच पाठीवर होतं, कारण ते त्याने बाईंना उचलू दिलं नव्हतं.

"मुलांनो, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला मिनिट म्हणून सांगत होते, आणि ते मिनिट नव्हतं. आज सगळ्यांना पूर्ण साठ सेकंद मिळतील. गुंडी, तू ये आधी."

त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळ समोर ठेवलं. गुंडी टेबलापाशी आली. तिने त्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे कान लाल झाले होते.

"बाई, मी एक करू?"

"काय?"

गुंडीने मला हळूच उचललं आणि टेबलावर आडवं ठेवलं. मग बाईंचं घड्याळ उचलून बाईंच्याच हातात दिलं. "मी आधी गोष्ट वाचते. मोजायचं असेल तर तुम्ही नंतर मोजा."

वर्गात कुणीतरी 'बापरे' म्हणालं. बाईंची मूठ त्या घड्याळावर मिटली. "वाच," त्या म्हणाल्या.

आणि गुंडीने वाचलं. श्वास घेऊन, थांबून, शेळीला वेळ देऊन. न्हाव्याचा जाडा आवाज काढला तेव्हा मागचा बाक हसला. एका शब्दावर ती अडखळली, परत आली, पुढे गेली. "शेळीने आरशात पाहिलं," तिने वाचलं आणि पूर्णविरामाला थांबली.

"मग?" कुणीतरी ओरडलं. "पुढे काय? वाच ना!"

तो सुसाट होता. बाकावर उभा राहिला होता. गुंडीने शेवट वाचला आणि सुसाटने कपाळावर हात मारून घेतला. "खुर्चीखाली होय! मी ही गोष्ट पाच वेळा वाचली, मला शेळी आत्ता सापडली!"

किती शब्द झाले ते त्या दिवशी कुणीच मोजलं नाही. बाईंची मूठ शेवटपर्यंत मिटलेलीच होती. तास संपल्यावर त्यांनी खुर्चीवर चढून दोरी सोडली आणि सगळे चिमटे गुंडीच्या ओंजळीत दिले. "आईला दे. गबदुल्याचे कपडे वाळत घालायला कमी पडत असतील."

त्यानंतर आमच्या वर्गात एकच गोष्ट सलग चार दिवस वाचतात. आधी बाई, मग सगळे मिळून, मग एकेकटे. पाचव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, तिसरीतली दोन मुलं दप्तर न घेता, ताठ मानेने व्हरांड्यातून दुसरीच्या वर्गात जातात. तिथल्या बुटक्या बाकावर बसून लहान मुलांना ती गोष्ट वाचून दाखवतात. पहिल्या शुक्रवारी गेली ती गुंडी. तिचे गुडघे फळीला आपटले, पण तिला त्याचं भान कुठे होतं? ती न्हाव्याचा आवाज काढत होती.

बाबांनी मला दुरुस्त करून देऊ का, असं विचारलं होतं. बाई नको म्हणाल्या. मी आता पुस्तकांच्या फळीवर असतो. गुंडी केव्हाच मोठ्या शाळेत गेली. बाईंना जाड चष्मा लागला. आणि यंदा तिसरीत एक गुबगुबीत मुलगा आला आहे. पुस्तकाचा कोपरा चोखायची सवय आता सुटली आहे म्हणे. तो अजून अडखळतो. पण वाचायला बसण्याआधी तो फळीपाशी येतो, माझा खांब धरतो आणि मला आडवं करतो. कुणी शिकवलं, हे त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. पहिल्यांदा मला पाडलं ते त्यानेच.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी लहान मूल पुस्तक उघडून बसलं, ओळीवर बोट ठेवून शब्द शोधू लागलं, तर तो शब्द त्याच्या तोंडातून ओढून काढू नका. जवळ बसा. पुढे काय झालं ते विचारा. आणि जवळपास माझ्यासारखं कुणी घाईत असेल, तर त्याला जरा आडवं ठेवा. आम्हालाही गोष्ट ऐकायची असते.